दोन गोलांची शाल

दर जानेवारीत रोशन मनवरच्या खांद्यावर एक शाल पडायची, आणि दर जानेवारीत ती पडली की त्याला मळमळायचं. शाल ठरलेली. गुलाबी, सोनेरी किनारीची, मानेला लागली की खाजवणारी, दिग्रसच्या बाजारात ढिगानं मिळणारी. सोबत नारळ. नारळाची निदान साधना, त्याची बायको, चटणी तरी वाटायची. शालींचं काय करायचं हा प्रश्न तिनं आपल्या पद्धतीनं सोडवला होता. एक कूलरवर, एक गव्हाच्या कोठीवर, काही गोधडीच्या पोटात शिवलेल्या, आणि एक चक्क दारात, पायपुसणं म्हणून. "पाय पुसायले बरी हाय," ती म्हणायची. "अंगावर घ्यायच्या लायकीची एखादी तरी देतात काय हे मेले?"

आता ही शाल कशाची, ते सांगायला हवं. रोशन एके काळी फुटबॉलमधला स्ट्रायकर, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा, होता. गल्लीतला नव्हे हो, पगारी! दिग्रसच्या भीमनगरातून उठून तो आधी कोलकात्याच्या आणि मग गोव्याच्या क्लबात खेळला, आणि टीव्हीवर दिसला. त्याच्या आधी गावाचं नाव टीव्हीवर यायचं ते कापसाचा भाव पडला तरच. आज तो गावातले बडे कापूसवाले राजकुमारभाऊ यांच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्याच्या खोलीत बसतो, कापसाच्या गाड्यांची वजनं घेतो, आणि खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठतो. का धरून उठतो, हे गावात कोणी विचारत नाही. गावाला त्याची एकच मॅच ठाऊक आहे.

ती मॅच म्हणजे गोव्याच्या क्लबाकडून खेळलेली कोलकात्यातली फायनल. पहिल्या हाफमध्ये रोशनचा उजवा गुडघा पिरगळला आणि भोपळ्यासारखा सुजला. हाफ टाइमला क्लबच्या डॉक्टरनं गुडघ्यात सुई टोचली. दुसऱ्या हाफमध्ये रोशननं दोन गोल मारले आणि क्लबनं कप उचलला. एवढीच गोष्ट. पण ती हरिसिंग राठोड सरांच्या हाती लागली, तिथं सगळा घोळ झाला. राठोड सर म्हणजे शाळेत पीटी शिकवणारे आणि गावाच्या टूर्नामेंटला माइक न सोडणारे. दर वर्षी फायनलच्या हाफ टाइमला ते ही गोष्ट सांगतात, आणि दर वर्षी ती सुई थोडी लांब होते. गेल्या साली ती दाभणाएवढी झाली होती. "अन् आपला वाघ डॉक्टरले काय म्हनला? टोच! अजून टोच!" मग टाळ्या, मग शाल, मग नारळ.

ती रोशनची शेवटची मॅच होती, हे सरांच्या गोष्टीत कधी येतच नसे. गोष्ट कपापाशी थांबायची. त्यानंतर झालेली ऑपरेशनं, क्लबनं फोन उचलणं बंद करणं, कुबड्या घेऊन यवतमाळच्या स्टँडवर उतरणं, यातलं काही टाळ्या घेण्याजोगं नव्हतं. रोशन स्टेजवर मान खाली घालून उभा राहायचा आणि लोक म्हणायचे, पाहा, किती साधा माणूस! साधा कसला? ओकारी दाबून उभा असायचा तो.

यंदा टूर्नामेंटमध्ये पहिल्यांदाच मुलींचे सामने ठेवले. कमिटीचे अध्यक्ष अर्थात राजकुमारभाऊ, आणि त्यांच्या जिनिंगच्या नावानं मुलींची एक टीमही निघाली. त्या टीमची स्ट्रायकर होती अपेक्षा, रोशनच्या मोठ्या बहिणीची, कोकिळाताईची पोरगी. बारावीतली. तिला बॉल शिकवला तो रोशननंच, काट्यावरून सुटला की संध्याकाळी, बाजार समितीच्या मागच्या मैदानावर, स्वतः एका दगडावर बसून. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा आणि ती पळायची. अंगावर आलेला बॉल ती पायावर असा अलगद निजवायची की बघत राहावं. "माह्यापेक्षा चांगली हाय ते," असं तो साधनाला सांगायचा, आणि तेवढं सांगताना त्याला जगात कशाचाही वीट आलेला नसायचा.

शनिवारी सेमीफायनलमध्ये बोरी अरबच्या टीमची एक दांडगी पोरगी अपेक्षाच्या पायावर पडली. रविवारी दुपारी फायनल. रविवारी सकाळी रोशन बहिणीच्या घरी गेला तेव्हा अपेक्षा पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि कोकिळाताई तिच्या गुडघ्यावर हळदीचा लेप थापत होती. रोशननं लेप बाजूला सारून बोटांनी चाचपलं. वाटीच्या दोन्ही बाजूंना पाणी भरल्यासारखं लागत होतं. त्यानं पाय जरासा वाकवला तर पोरीनं दातावर दात घट्ट धरले.

"आज खेळाचं नाई," तो म्हणाला. "उद्या यवतमाळले जाऊ. हाडाच्या डॉक्टरले दाखवू."

"उद्या? आज नागपूरच्या फुटबॉल अकादमीची म्याडम पोरी निवडाले येऊन राह्यली मामा! ते काय माह्यासाठी उद्यापर्यंत थांबन?"

"नाई थांबली तं नाई थांबली."

"असं कसं बोलतं रे?" कोकिळाताई उसळली. "पोरीचं नशीब चालत दारात येऊन राह्यलं. तिचा बाप एसटी चालवून चालवून कमरेतून गेला. अकादमीत घेतली तं राहनं, खानं, शिक्षन, सारं तिकडंच होईन. अन् तू मामा असून पाय ओढतं?"

"ताई, तिच्या गुडघ्यात पानी झालं."

"मंग? तुह्या नव्हतं झालं?" अपेक्षा म्हणाली. "तूबी तं सुई घेऊनच खेळलता. मेडिकलवाला गोविंदामामा देनार हाये मले. तसंच ठरलं."

रोशनला आधी उमगलंच नाही. "तसंच म्हंजे?"

"तसंच म्हंजे तुह्यासारखं!" तिचे डोळे नुसते चमकत होते. "पहिल्या हाफमदी मी बाहेर बसाचं. हाफ टाइमले सुई घ्याची. मंग उतराचं. राजकुमारभाऊ म्हनले, मामाचा इतिहास भाची लिहीन. राठोड सरायनं तं माइकवर काय बोलाचं तेबी पाठ केलं."

घ्या! म्हणजे गावानं काय केलं होतं पाहा. एका माणसाचा पाय मोडल्याची गोष्ट ऐकून ऐकून त्यांना ती इतकी गोड लागली की त्यांनी तिचं नाटक बसवलं, वेळ ठरवली, संवाद पाठ केले, आणि नायिका म्हणून त्याचीच भाची घेतली. रोशनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यापासून खेळवली असती तर तो निदान निव्वळ अडाणीपणा झाला असता. हे बाहेर बसवून, ताटकळत ठेवून, बरोबर हाफ टाइमला टोचायचं म्हणजे हरामखोरपणा होता.

"हे पाह्य, त्या सुईनं दुखनं मरते. पाय बरा नाई होत," तो म्हणाला. "दुखनं मेलं का पाय कोनाचं ऐकत नाई. आतून फाटत जाते अन् आपल्याले पत्ता लागत नाई."

"मंग तू काहून घेतली खुशीनं?"

"तुले कोनं सांगतलं खुशीनं घेतली म्हनून?"

"साऱ्या गावानं," अपेक्षा म्हणाली. "अन् तू तं दरसाल तिथंच उभा राह्यते. एकदा तरी नाई म्हनला काय?"

रोशननं बहिणीकडं पाहिलं. कोकिळाताई पुन्हा लेप थापायला लागली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आता बोलणं संपलं असं स्पष्ट दिसत होतं.

दुपारी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, गोलच्या जाळीत अडकलेला जिनिंगचा कापूस, आलूबोंड्याच्या तेलाचा वास, आणि सगळ्यावर राठोड सरांचा आवाज. प्रवेशाजवळ मोठा फ्लेक्स लागला होता. डावीकडं रोशन, तरणाबांड, दोन्ही हात वर केलेला. उजवीकडं अपेक्षा, तिचेही दोन्ही हात कंप्युटरवर वर करून टाकलेले. मध्ये राजकुमारभाऊ, दोघांपेक्षा मोठे. रोशन फ्लेक्सखालून जाताना थुंकला. आजूबाजूच्यांना वाटलं सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला.

स्टेजमागच्या कनातीत गोविंदा भेटला. गोविंदा एके काळी रोशनच्याच गल्लीच्या टीमचा गोलकी, आता स्टँडजवळ औषधांचं दुकान चालवतो, आणि दुकान चालवतो म्हणून स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. समोर स्टुलावर त्यानं रुमाल अंथरून सिरिंज, बाटली, कापूस असा देव्हारा मांडला होता.

"गोविंदा, हे गुंडाळ," रोशन म्हणाला.

"काहून बे? रोज टोचून राह्यलो मी लोकायले."

"ढुंगनात टोचतं तू. हा गुडघा हाय. कुठं टोचाचं तुले मालूम तरी हाय काय?"

"मोबाइलवर पाह्यलं ना यार," गोविंदा शांतपणे म्हणाला. "अन् तुले तं अभिमान वाटाले पाह्यजे. आमी तुहंच नाव पुढं नेऊन राह्यलो."

तेवढ्यात राजकुमारभाऊ आत आले. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, अत्तर. त्यांनी रोशनच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात रोशन ओळखत होता. काट्यावर वजन इकडचं तिकडं करायला सांगतानाही तो असाच यायचा.

"रोशन, भाचीचं टेन्शन घेऊ नको. म्याडमशी बोलनं झालं माह्यं. पोरीनं दुसऱ्या हाफमदी दम दाखवला तं सिलेक्शन पक्कं."

"भाऊ, गुडघा जाईन तिचा. जनमभरासाठी जाईन."

"अरे, तुहा गेला काय?" भाऊ हसले. "चालतं-फिरतं ना तू? खुर्चीवर बसून काम हाय, सावलीत हाय. अजून काय पाह्यजे मानसाले?"

रोशनला त्या अत्तराच्या वासानं खरोखरच उमासा आला. हा माणूस वाईट बोलत नव्हता, हीच तर किळस होती. तो अगदी मनापासून बोलत होता. त्याच्या हिशेबी एक गुडघा जाऊन माणसाला सावलीतली खुर्ची मिळाली म्हणजे व्यवहार झकासच झाला होता.

पहिला हाफ सुरू झाला. पुसदच्या पोरी खमक्या होत्या, त्यांनी लवकरच एक गोल चढवला. अपेक्षा बाकावर बसून होती, अंगावर दहा नंबरचा शर्ट, पायात बूट, गुडघ्याला पट्टी. लोक मॅच कमी आणि तिलाच जास्त बघत होते. नागपूरच्या म्याडम टोपी घालून खुर्चीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या कानात भाऊ काहीतरी सांगत होते. रोशन दोनदा उठून बाकाकडं गेला. दोन्ही वेळा पोरीनं मान वळवली.

शिट्टी वाजली, हाफ टाइम झाला, आणि राठोड सर सुटले. "भाइयों और बहनों, मायबाप हो! तो दिवस आठवा! कोलकाता! लाखोंची गर्दी! अन् आपल्या दिग्रसच्या लेकराचा गुडघा..." सर थांबले, आवाज खाली आणला. "गुडघा कसा झालता?" पब्लिक ओरडली, "भोपळ्यावानी!" दरसालचा पाठ होता. "अन् सुई केवढी?" पब्लिकनं हात फाकवून दाखवले. या साली ती हातभर झाली होती.

रोशनला स्टेजवर घेतलं. राजकुमारभाऊंनी शाल टाकली, फोटोसाठी ती पुन्हा टाकली, नारळ हातात कोंबला. आणि रोशननं, जो आजवर कधी माइकला शिवला नव्हता, सरांच्या हातातून माइक काढून घेतला.

"मले बोलाचं हाय," तो म्हणाला. "हे सर जे सांगतात ते खोटं हाय. मी टोच म्हनलो नव्हतो. मी रडून राह्यलो होतो. नको म्हनून पाया पडलो. पाय धराले मानसं लावली होती क्लबवाल्यायनं, अन् मंग टोचलं."

कुठूनतरी "ओ हो हो" असा हळहळीचा आवाज आला. रोशनला वाटलं, ऐकताहेत. तो पुढं बोलत गेला, भरभर, इतक्या वर्षांचं तुंबलेलं. "अन् ते दोन गोल. मले ते गोल कळलेच नाई. पाय लाकडाचा झालता. बॉल पायाले लागला, हेबी समजलं नाई. पब्लिक ओरडली तवा समजलं का गोल झाला. स्ट्रायकरले पायाले बॉल लागलेला कळत नाई, तं तो कायचा गोल? अन् तेच माही आखरी मॅच होती. तुमी दरसाल टाळ्या वाजवता ना, ते माह्या मयतीले वाजवता. त्या पोरीले सुई देऊ नका. हात जोडतो."

तो थांबला. मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला, डोळे पुसत, आणि टाळ्या वाजवायला लागला. मग त्याच्यामागची रांग उठली. मग सगळं मैदान. शिट्ट्या, आरोळ्या, "रोशनभाऊ आगे बढो!" राठोड सरांनी माइक परत घेतला. "ऐकलं? पायाले बॉल लागलेला कळत नव्हता, तरी गोल मारला! मायबाप हो, पाय नसताना गोल मारनारा असा मानूस पुन्हा होने नाही!"

छ्या! काय करावं अशा लोकांचं? रोशन तिथं नारळ हातात धरून उभा राहिला आणि त्याला कळून चुकलं, की तो आता स्टेजवर मेला असता तरी यांनी त्यावरही टाळ्याच वाजवल्या असत्या. पुढच्या साली हेसुद्धा गोष्टीत येणार होतं. माणसं धरून ठेवलेली, रडणं, लाकडाचा पाय, सगळं. सर ते पाठही करणार होते.

"अरे, पोरीले आडोसा पाह्यजे," खालून कोकिळाताईचा आवाज आला. "कनातीले एकीकडून उघडंच हाय. काही चादर-बिदर द्या ना!" कमिटीतल्या कोणीतरी इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ रोशनच्या खांद्यावरची शाल ओढून खाली दिली. गुलाबी शाल लोकांच्या डोक्यांवरून हाताहाती कनातीकडं गेली.

रोशननं नारळ तिथंच टाकला आणि तो स्टेजच्या पायऱ्या उतरू लागला, कठड्याला धरून, एकेक पायरी. खाली लोक त्याच्या पाया पडायला वाकत होते. तो त्यांना ढकलत, कोपरानं बाजूला करत निघाला, शिव्या घालत. त्यांनी त्याही हसून घेतल्या.

कनातीच्या उघड्या बाजूला कोकिळाताई दोन्ही हातांनी शाल धरून उभी होती. रोशन शालीखालून आत शिरला. अपेक्षा खुर्चीवर बसली होती, पट्टी सोडलेली. गोविंदा खाली उकिडवा बसून सिरिंजमधली हवा काढत होता, आणि मागं राजकुमारभाऊ मोबाइल धरून उभे होते, व्हिडिओसाठी.

"मामा, तू भारी बोलला," अपेक्षा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मलेबी नाई कळलं बॉल लागल्याचं तरी चालीन. मी तुह्यासाठी दोन गोल मारीन."

तेव्हा रोशनला समजलं की आता बोलण्यात काही राम राहिला नाही. कितीही घाण समोर टाकली तरी हे लोक तिचे पेढेच करणार. त्यानं खुर्चीसमोर पाय रोवला, वाकला, आणि उजव्या पायाची पॅन्ट वर गुंडाळायला लागला. उन्हाळ्यातही कधी त्यानं अर्धी पॅन्ट घातली नव्हती. तो गुडघा साधनाशिवाय कोणी पाहिला नव्हता, आणि साधनाही तेल लावताना नजर दुसरीकडं ठेवायची.

आधी पोटरी आली, वाळून काठी झालेली. मग गुडघा. त्याला गुडघा म्हणावं असं काही तिथं राहिलं नव्हतं. वाटी जागची सरकून बाहेरच्या बाजूला लटकलेली, आडव्यातिडव्या टाक्यांनी चामडी चुरगळलेली, काळीनिळी, तेलकट, आणि आतल्या बाजूला लिंबाएवढी एक मऊ गाठ. वर मांडी खोल गेलेली. कोकिळाताईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

"हात दे," रोशन भाचीला म्हणाला.

"मामा..."

"दे म्हनतो ना!"

त्यानं तिचा हात धरला आणि तळवा त्या गुडघ्यावर दाबून ठेवला. मग त्यानं पाय वाकवला. सावकाश वाकवला आणि सरळ केला, पुन्हा वाकवला. आतून आवाज आला, वाळू दाताखाली आल्यासारखा, कचकच, आणि तो आवाज नुसता ऐकू येत नव्हता, तर हाताला लागत होता. गाठ तिच्या बोटांखालून इकडून तिकडं सरकली. अपेक्षाचं तोंड वाकडं झालं. तिनं हात हिसडला, पण रोशननं सोडला नाही. त्यानं तिसऱ्यांदा पाय वाकवला, तेव्हा दुखण्यानं त्याच्याच कपाळावर घाम फुटला होता.

"ईऽऽ! सोड! सोड ना मामा!" ती किंचाळली. हात सुटल्यावर तिनं तो शर्टाला पुसला, परत परत पुसला, आणि तोंड फिरवून खुर्चीच्या बाजूला ओकली. सकाळचे पोहे, चहा, सगळं.

रोशन तिच्याकडं बघत होता. आजवर या पोरीनं त्याच्याकडं नेहमी मान वर करून, देवाकडं पाहावं तसं पाहिलं होतं. आता तिच्या चेहऱ्यावर निखळ शिसारी होती, त्याची शिसारी. ती त्याच्या जिव्हारी लागली, आणि त्याच वेळी त्याला इतकं बरं वाटलं की तसं कोलकात्याचा कप हातात घेतानाही वाटलं नव्हतं. या गावात पहिल्यांदा कोणालातरी ती मॅच नीट समजली होती.

"अरे, हे काय लावलं?" राजकुमारभाऊ भानावर आले. त्यांनी मोबाइल खाली केला होता. "पॅन्ट खाली कर आधी! बाया हायेत इथं. लाज वाटते का नाही? गोविंदा, तू तुहं काम कर."

गोविंदा सिरिंज हातात धरून तसाच उकिडवा बसून होता. त्याची नजर त्या गाठीवरून हलत नव्हती. "भाऊ," तो म्हणाला, "मले नाई जमनार बा," आणि त्यानं सुई रुमालावर ठेवून दिली.

"ठीक हाय," भाऊ रोशनला म्हणाले, आवाज न चढवता. "उद्या काट्यावर येऊ नको तू."

"नाई येत," रोशन म्हणाला.

भाऊ शाल बाजूला सारून निघून गेले. बाहेर टीम मैदानात उतरली होती आणि राठोड सर पेटले होते. "अन् आता! ज्या क्षनाची आपन वाट पाहून राह्यलो! नंबर दहा! अपेक्षा!" पब्लिकनं ठेक्यात टाळ्या धरल्या. अपेक्षानं मान वर करून त्या आवाजाकडं पाहिलं. तिचा हात आपोआप बुटाच्या लेसकडं गेला, आवळायला. सवयीनं.

"मामा, पॅन्ट खाली कर ना," ती रडत म्हणाली. "मले पाहावत नाई ते."

"तू बूट काढ," रोशन म्हणाला. "मंग करतो."

"म्याडम निघून जाईन."

"जाऊ दे. गुडघा बरा झाला का मी नेतो तुले नागपूरले. त्यायच्या दारात नेऊन उभी करतो. पन तुह्या पायावर. बूट काढ."

टाळ्या वाढत होत्या. अपेक्षानं एकदा बाहेर पाहिलं, एकदा त्या गुडघ्याकडं, आणि लगेच डोळे मिटून घेतले. मग ती वाकली आणि लेस ओढायला लागली. गाठ घट्ट बसली होती, निघेना. कोकिळाताईनं हातातली शाल मातीत टाकली, पोरीपुढं गुडघे टेकले आणि ती गाठ दातांनी सोडवायला घेतली. दोन्ही बूट निघेपर्यंत रोशन पॅन्ट वर धरून तसाच उभा राहिला.